आजोबा तोफखान्यात होते: युद्धसेवेचा माग काढताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भारतीय तोफखान्यात लढलेले आजोबा, पणजोबा, काका, मामा यांच्याबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात ते इथे एकत्र केले आहेत. बहुतेक प्रश्न दुसऱ्या महायुद्धाचे आहेत, पण पहिलं महायुद्ध आणि स्वातंत्र्यानंतरच्या लढायाही घेतल्या आहेत. प्रत्येक उत्तर सुटं वाचता येईल. जिथे दोन विषय एकमेकांत गुंतले आहेत तिथे दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. सुरुवात कुठून करू? घरात एक फोटो आणि दोन पदकं, एवढंच आहे.

घरातल्या ट्रंकेपासून करा. इंटरनेट नंतर. तुम्हाला दोन गोष्टी हव्या आहेत: सेवा क्रमांक, म्हणजे घरात ज्याला 'आर्मी नंबर' म्हणतात तो, आणि युनिटचं नाव. नुसत्या नावावर शोध पुढे सरकत नाही. एकाच तालुक्यातले एकाच नावाचे तिघे-चौघे एकाच वेळी फौजेत असणं अगदी साधी गोष्ट होती.

डिस्चार्ज सर्टिफिकेट मिळालं तर निम्मं काम झालं. त्यात नाव, वडिलांचं नाव, गाव, पोस्ट, तालुका, भरतीची आणि सुटकेची तारीख, अंगावरची ओळखखूण, कामाचा प्रकार, चारित्र्याचा शेरा आणि बऱ्याचदा परदेशातल्या सेवेची नोंद असते. ते नसेल तर पेन्शनचं पुस्तक, पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश), मनीऑर्डरच्या पावत्या, पत्रांची पाकिटं, फौजेतल्या शिक्षणाची सर्टिफिकेटं बघा. फोटोच्या मागची बाजू जरूर पाहा. स्टुडिओचा शिक्का आणि गावाचं नाव तिथेच असतं.

कागद तुमच्या घरात नसतील तर भावकीत विचारा. थोरल्या पातीकडे, पेन्शनच्या दाव्यासाठी केलेल्या वकिलाच्या फायलीत, किंवा आत्याच्या सासरी ते सापडतात. आणि सापडलेला कागद लॅमिनेट करू नका. घडीवर फाटला असेल तरी तसाच सपाट ठेवा, दोन्ही बाजूंचे फोटो काढा.

२. घरचे म्हणतात आजोबा 'मराठा'त होते, गावातले म्हणतात तोफखान्यात. खरं काय समजायचं?

दोन्ही खरं असू शकतं. मराठा लाइट इन्फंट्री ही पायदळाची रेजिमेंट, तिचं केंद्र बेळगावला. पण दुसऱ्या महायुद्धात तोफखान्यातही मराठा जवानांची युनिटं होती. इटलीत ८व्या भारतीय डिव्हिजनसोबत ४थी मराठा अँटी-टँक रेजिमेंट होती, आणि ती भारतीय तोफखान्याची होती. त्याच डिव्हिजनमध्ये मराठा पायदळाच्या पलटणीही लढत होत्या. त्यामुळे 'मराठा, इटली' एवढ्या दोन शब्दांवरून दोन्ही शक्यता उघड्या राहतात.

टोपीवरचा बिल्ला पाहा. बिगुल असेल तर मराठा लाइट इन्फंट्री, तोफ असेल तर तोफखाना. हुद्दाही सांगून जातो: पायदळात 'सिपॉय', तोफखान्यात 'गनर' किंवा 'ड्रायव्हर'. डोंगरी तोफखान्यातला ड्रायव्हर खेचरं हाकायचा, हे लक्षात ठेवा. बॉम्बे सॅपर्स (लष्करी अभियंते, खडकी) आणि १९४१ साली उभी राहिलेली महार रेजिमेंट यांच्याशीही असाच घोळ होतो. घरच्यांच्या आठवणीत 'पलटण' हा एकच शब्द उरलेला असतो आणि तो सगळ्यांनाच लागतो.

३. तोफखान्याची रचना कशी होती? बॅटरी, रेजिमेंट, ब्रिगेड यात गोंधळ होतो.

तोफखान्यातल्या माणसाचं घर म्हणजे बॅटरी. काही बॅटऱ्या मिळून रेजिमेंट होते. पायदळात कंपनी आणि पलटण असते, तशी इथली मांडणी. फील्ड (मैदानी) रेजिमेंटच्या नंतरच्या काळातल्या रचनेत तीन बॅटऱ्या आणि प्रत्येकीत २५ पौंडी ८ तोफा असत. डोंगरी बॅटरीत सहसा ४ तोफा, आणि ३.७ इंची हॉवित्झर (आखूड नळीची तोफ) सुटी करून ८ खेचरांवर लादली जाई. 'ब्रिगेड' हा शब्द मात्र फसवा आहे. १९३०च्या दशकापर्यंत तोफखान्याच्या रेजिमेंटलाच ब्रिगेड म्हणत. पायदळाची ब्रिगेड वेगळी.

इतिहासाचा एक टप्पा माहीत असला तर बराच वृथा शोध वाचतो. भारतीय तोफखाना आपला स्थापना दिवस २८ सप्टेंबरला पाळतो, कारण १८२७ साली त्या दिवशी उभी राहिलेली ५वी (बॉम्बे) माउंटन बॅटरी आजही सेवेत आहे. पण १८५७च्या उठावानंतर इंग्रजांनी हिंदी माणसांच्या हाती मोठ्या तोफा ठेवल्या नाहीत. मोजक्या डोंगरी बॅटऱ्या तेवढ्या राहिल्या. हिंदी जवानांची पहिली फील्ड ब्रिगेड बंगळूरला उभी राहिली ती १५ जानेवारी १९३५ रोजी. म्हणून पणजोबा १९१५ साली 'मोठ्या तोफेवर' होते असं कुणी सांगत असेल, तर आधी डोंगरी बॅटऱ्यांच्या आणि संस्थानी फौजांच्या (प्रश्न १४) नोंदी तपासा.

१९४५ साली 'रॉयल' बिरुद मिळून रॉयल इंडियन आर्टिलरी हे नाव झालं. १९५०मध्ये बिरुद गेलं आणि 'रेजिमेंट ऑफ आर्टिलरी' हे आजचं नाव राहिलं. कागदांवर आय.ए., आर.आय.ए. अशी आद्याक्षरं दिसतात ती याचीच.

४. जवानाची नोंद आज कुठे असते? अर्ज कसा करायचा?

जवान आणि जेसीओ (सुभेदार वगैरे कनिष्ठ कमिशन्ड अधिकारी) यांच्या सेवेच्या नोंदी रेकॉर्ड ऑफिसकडे असतात. तोफखान्याचं रेकॉर्ड ऑफिस नाशिक रोड कॅम्पला आहे. महाराष्ट्रातल्या वाचकांना हे सोयीचं वाटतं आणि बरेच जण थेट गेटवर जाऊन उभे राहतात. तसं करू नका. आधी लेखी अर्ज पाठवा.

अर्जात सेवा क्रमांक, हुद्दा, पूर्ण नाव, वडिलांचं नाव, जुन्या जिल्हा-तालुक्यासह गाव, भरती आणि सुटकेचं अंदाजे वर्ष, माहीत असलेलं युनिट, आणि तुमचं नातं लिहा. नात्याचा पुरावा आणि मृत्यूचा दाखला जोडा. नेमकं काय हवं ते सांगा: कोणकोणत्या युनिटांत सेवा झाली, परदेशात कुठे, कोणती पदकं मंजूर झाली. 'सर्व माहिती द्यावी' असं लिहिलं की उत्तर दोन ओळींत येतं. इंग्रजी किंवा हिंदीत लिहिलेलं बरं. नावाचं स्पेलिंग ज्या दोन-तीन प्रकारे झालं असेल ते सगळे प्रकार द्या (प्रश्न ६).

जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातही विचारा. माजी सैनिकांच्या आणि विधवांच्या नोंदी तिथे असतात. दुसऱ्या महायुद्धातल्या सैनिकांना आणि त्यांच्या पत्नींना राज्याकडून मिळणाऱ्या अनुदानासाठी कुटुंबानं पूर्वी अर्ज केला असेल, तर त्या फायलीत डिस्चार्जची प्रत लागलेली असण्याची चांगली शक्यता आहे. ही जागा लोक विसरतात.

५. 'कागदपत्रं मुदतीनंतर नष्ट केली' असं उत्तर आलं. आता सगळं संपलं का?

नाही. युद्धकाळात भरती होऊन १९४६ किंवा १९४७ साली घरी आलेल्या बहुसंख्य जवानांना पेन्शन नव्हती. पेन्शन नसलेल्यांची सेवापुस्तकं सुटकेनंतर २५ वर्षं ठेवून नष्ट करायचा लष्करी नियम आहे. म्हणजे हे उत्तर सहसा खरं असतं, टाळाटाळ नसते.

पण 'लाँग रोल' नावाची नोंदवही वेगळी असते आणि ती राखली जाते. तिच्यात क्रमांक, नाव, भरती, सुटका आणि सुटकेचं कारण एवढं तरी सापडतं. दुसरा अर्ज करा आणि त्यात 'लाँग रोलमधला उतारा मिळावा' असं स्पष्ट लिहा. पहिल्या नकारानंतर नव्वद टक्के कुटुंबं थांबतात असं म्हणवत नाही, पण थांबणारे फार आहेत, आणि त्यांनी थांबू नये असं मनापासून वाटतं.

त्यापुढचा रस्ता माणसाकडून युनिटकडे वळतो. आजोबांचं पुस्तक गेलं, तरी त्यांच्या रेजिमेंटची डायरी राहिलेली असते (प्रश्न ८).

६. नाव कुठल्याच यादीत सापडत नाही. स्पेलिंग चुकत असेल का?

बहुतेक वेळा तेच. भरती करणारा कारकून कानावर पडेल ते रोमन लिपीत उतरवायचा. गणपत, विठोबा, ज्ञानू, सखाराम या प्रत्येक नावाची तीन-चार स्पेलिंगं भेटतात. आडनावाऐवजी नुसतं 'राव' लागलेलं असतं, कधी आडनाव पूर्ण गायब असतं आणि वडिलांचं नाव त्या जागी आलेलं असतं. 'मराठा' हा शब्दच जुन्या कागदांत 'महरट्टा' अशा स्पेलिंगनं लिहिलेला दिसतो.

जिल्ह्यांचंही तसंच. सिंधुदुर्ग १९८१पूर्वी रत्नागिरीत होता, रायगडचं नाव कुलाबा होतं. सांगली जिल्हा १९४९ साली दक्षिण सातारा म्हणून वेगळा झाला आणि सांगली हे नाव १९६० साली मिळालं. त्याआधी तिथली बरीच गावं सातारा जिल्ह्यात, तर काही सांगली-मिरजेसारख्या संस्थानांत होती. सावंतवाडी आणि कोल्हापूर ही संस्थानं, म्हणून तिथल्या जवानाच्या पत्त्यात जिल्ह्याऐवजी 'स्टेट' येतं. नावावर अडलात तर गावाच्या नावानं शोधा. गावाचं स्पेलिंगही दोन-तीन प्रकारे करून बघा.

७. पदकांवरून काय कळतं?

कोणत्या आघाडीवर होते ते कळतं. आफ्रिका स्टार म्हणजे १० जून १९४० ते १२ मे १९४३ या काळात उत्तर किंवा पूर्व आफ्रिकेच्या ठरलेल्या मुलखात सेवा. इटली स्टार म्हणजे ११ जून १९४३ ते ८ मे १९४५. बर्मा स्टारचा काळ ११ डिसेंबर १९४१पासून २ सप्टेंबर १९४५पर्यंत. पदक हरवलं आणि फीत उरली असली तरी चालेल: इटलीची फीत तांबडी-पांढरी-हिरवी, बर्माची गडद निळ्यात मधोमध रुंद तांबडा पट्टा आणि दोन्हीकडे नारिंगी.

इंडिया सर्व्हिस मेडल हे हिंदुस्थानी फौजेतल्यांना किमान तीन वर्षांच्या बिगर-आघाडी सेवेसाठी होतं. ते आणि वॉर मेडल एवढंच असेल, तर आजोबांची बहुतेक सेवा देशातच झाली असावी. ते ऐकून काही घरं हिरमुसतात. हिरमुसू नका. विमानविरोधी तोफा बंदरांवर आणि विमानतळांवर लागत, आणि नव्या गनरना शिकवायलाही माणसं लागत.

पहिल्या महायुद्धाच्या ब्रिटिश वॉर मेडलच्या कडेवर क्रमांक, हुद्दा, नाव आणि युनिट कोरलेलं असतं. भिंग घेऊन, तिरप्या उजेडात कड फिरवत वाचा. आणि पदक चिंचेनं किंवा ब्रासोनं घासू नका, अक्षरं झिजतात.

स्वातंत्र्यानंतरच्या पदकांतही असंच बघा. १९६५साठी समर सेवा स्टार आणि रक्षा मेडल. १९७१साठी पूर्वी स्टार, पश्चिमी स्टार आणि संग्राम मेडल. पूर्वी की पश्चिमी, यावरून बांगलादेशची आघाडी की पश्चिम सीमा हे लगेच ठरतं.

८. वॉर डायरी म्हणजे काय? त्यात आजोबांचं नाव असेल का?

युद्धात प्रत्येक युनिटला रोजची नोंद ठेवावी लागे. तारीख, ठिकाण, हालचाल, किती गोळे डागले, कोण जखमी, हवामान कसं, अशा ओळी. सोबत नकाशे आणि हुकूम. साध्या जवानाचं नाव क्वचितच येतं. अधिकाऱ्यांची येतात, जवान बहुतेक संख्येत मोजलेले असतात: 'दोन आय.ओ.आर. जखमी'. आय.ओ.आर. म्हणजे अधिकारी नसलेले हिंदी जवान. त्या दोघांतले एक तुमचे आजोबा असतील, तर डिस्चार्जवरच्या जखमेच्या तारखेशी ती ओळ जुळवून बघता येते. अशी एक ओळ जुळली की मग कुठल्या डोंगरावर, कुठल्या नदीकाठी ते घडलं तेही समजतं.

या डायऱ्या दोन ठिकाणी आहेत. दिल्लीत संरक्षण मंत्रालयाच्या इतिहास विभागाकडे, जिथे आधी परवानगी काढावी लागते. आणि लंडनमधल्या क्यू भागातल्या ब्रिटनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात. क्यूचे फाइलगट असे (डब्ल्यूओ म्हणजे वॉर ऑफिस, ब्रिटनचं युद्धखातं): आग्नेय आशिया आणि ब्रह्मदेशासाठी डब्ल्यूओ १७२, मध्यपूर्व आणि उत्तर आफ्रिकेसाठी डब्ल्यूओ १६९, इटलीसाठी डब्ल्यूओ १७०, पहिल्या महायुद्धासाठी डब्ल्यूओ ९५. त्यांची सूची ऑनलाइन फुकट बघता येते. मूळ फाइल पाहायला मात्र तिथे जावं लागतं, प्रत मागवावी लागते किंवा माणूस नेमावा लागतो. लंडनमध्ये राहणारा कुणी नातेवाईक असेल तर त्याला एक दिवस मागा. वाचकपत्र फुकट मिळतं आणि मोबाइलनं फोटो काढू देतात.

आता महत्त्वाचं. तोफखाना स्वतःसाठी लढत नाही, पायदळासाठी लढतो. बॅटरीचा एक अधिकारी दोन-तीन सिग्नलर घेऊन पायदळाच्या पुढच्या फळीत ओपी (निरीक्षण चौकी) लावून बसतो आणि मागे तोफा त्याच्या हुकमावर चालतात. म्हणून बॅटरीची डायरी कोरडी वाटली तर ज्या पायदळ ब्रिगेडला आणि पलटणीला ती आधार देत होती त्यांच्या डायऱ्या काढा. तोफखान्याच्या डायरीत '२०० गोळे डागले' एवढंच असतं. ते गोळे कुणाच्या डोक्यावरून गेले, कुठला हल्ला त्यांनी मोडला आणि त्या रात्री काय घडत होतं, ते पायदळाच्या डायरीत असतं. शोध घेणारे नेमकी हीच पायरी गाळतात.

९. 'ब्रह्मदेशात होते' एवढंच माहीत आहे. रेजिमेंट कशी शोधायची?

पाकिटांवरून. युद्धकाळातल्या पत्रांवर फील्ड पोस्ट ऑफिसचा शिक्का आणि क्रमांक असतो. कोणतं फील्ड पोस्ट ऑफिस कोणत्या महिन्यात कुठे होतं याच्या याद्या टपाल-इतिहासाच्या अभ्यासकांनी तयार केल्या आहेत. शिक्क्याची तारीख आणि क्रमांक जुळवला की डिव्हिजनपर्यंत पोचता येतं आणि डिव्हिजन कळली की तिच्यातल्या तोफखान्याच्या रेजिमेंटा मोजक्याच असतात. स्वातंत्र्यानंतरच्या पत्रांवरचं '५६ एपीओ' किंवा '९९ एपीओ' (आर्मी पोस्ट ऑफिस) मात्र काही सांगत नाही. ते मुद्दामच ठिकाण लपवणारे पत्ते आहेत.

डिव्हिजन सापडली तरी एक सावधगिरी. तोफखान्याची युनिटं उसनी दिली जात. हवालदार उमराव सिंग यांचं उदाहरण घ्या, व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणारे ते भारतीय तोफखान्यातले एकमेव जवान. १५-१६ डिसेंबर १९४४च्या रात्री कलादान खोऱ्यात त्यांनी तोफ सोडली नाही. त्यांची ३३वी माउंटन बॅटरी ३०व्या माउंटन रेजिमेंटची, पण त्या वेळी ती ८१व्या पश्चिम आफ्रिकी डिव्हिजनमधल्या गोल्ड कोस्टच्या (आजच्या घानाच्या) पलटणीला आधार देत होती. आजोबा 'आफ्रिकन शिपायांबरोबर होतो' असं सांगत आणि घरच्यांना ते अशक्य वाटत असेल, तर ब्रह्मदेशात ते अगदी शक्य होतं.

१०. पत्रं मोडीत आहेत आणि एक सर्टिफिकेट कुठल्याशा इंग्रजीत आहे जे इंग्रजी वाटत नाही. हे काय?

ते सर्टिफिकेट बहुधा रोमन उर्दूत आहे, म्हणजे उर्दू भाषा पण अक्षरं इंग्रजी. इंग्रजी अमदानीत फौजेचं शिक्षण त्याच भाषेत होई आणि बढतीसाठी त्याच्या परीक्षा द्याव्या लागत. मोठ्यानं वाचा, हिंदी समजत असेल तर बरंचसं कळेल.

मोडीसाठी वाचणारी माणसं महाराष्ट्रात भरपूर आहेत. पुण्यामुंबईत आणि कोल्हापुरात मोडीचे वर्ग चालतात. पत्रात लढाईचं वर्णन शोधू नका, सेन्सॉर ते काढून टाकायचा. बैल घेतला का, धाकटा शाळेत जातो का, मनीऑर्डर पोचली का, असंच असतं. तारीख, पत्ता आणि हुद्दा मात्र टिपून घ्या.

११. ते युद्धात गेले, परत आलेच नाहीत. समाधी किंवा नाव कुठे असेल?

कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या संकेतस्थळावर शोधा, ते फुकट आहे. नोंदीत क्रमांक, हुद्दा, युनिट, मृत्यूची तारीख आणि अनेकदा वडिलांचं व गावाचं नावही असतं.

हिंदू आणि शीख जवानांवर अग्निसंस्कार होत, त्यामुळे कबरीऐवजी स्मारकावरचं नाव शोधा. ब्रह्मदेशात ज्यांची समाधी नाही अशा जवळपास २७,००० जणांची नावं यांगूनजवळच्या ताउक्यान इथल्या रंगून मेमोरियलवर आहेत. मलाया-सिंगापूरसाठी क्रांजीचं सिंगापूर मेमोरियल, इटलीसाठी कसिनो मेमोरियल आणि सांग्रो नदीकाठचं दहनस्मारक, उत्तर आफ्रिकेसाठी एल अलामेन. अविभाजित हिंदुस्थानात मरण आलं असेल तर दिल्ली आणि कराची इथल्या १९३९-४५च्या स्मारकांची नोंद बघा. पहिल्या महायुद्धातल्या, भारतात मरण पावलेल्या १,८०० हून अधिक जणांची नावं पुण्यात खडकीच्या युद्ध स्मशानभूमीतल्या स्मारकावर आहेत.

दिल्लीच्या राष्ट्रीय समर स्मारकावर दोन्ही महायुद्धांतली नावं नाहीत, तिथली नावं स्वातंत्र्यानंतरची आहेत.

१२. पणजोबा पहिल्या महायुद्धात होते. त्यांचं काही मिळेल का?

जवानाची वैयक्तिक फाइल मिळणं दुर्मीळ, युनिटचा इतिहास मात्र चांगला मिळतो. २५ एप्रिल १९१५ रोजी तुर्कस्तानातल्या गॅलिपोलीत अँझॅक (ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या फौजेच्या) किनाऱ्यावर उतरलेल्या २१व्या (कोहाट) आणि २६व्या (जेकब्स) माउंटन बॅटऱ्यांचे फोटो ऑस्ट्रेलियाच्या युद्धस्मारकाच्या संग्रहात आहेत. त्या बॅटऱ्यांत मुख्यतः शीख आणि पंजाबी मुसलमान होते. लाहोरला सापडलेली आणि आता ऑनलाइन आलेली पहिल्या महायुद्धाची नोंदपुस्तकंही फक्त पंजाबची आहेत. मुंबई इलाख्यातल्या नावांसाठी तिथे वेळ घालवू नका.

आपल्याकडे गावातलाच दगड वाचा. सातारा-रत्नागिरीकडच्या अनेक गावांत 'या गावातून इतके पुरुष १९१४-१९च्या युद्धास गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले' असा संगमरवरी लेख शाळेवर किंवा चावडीवर असतो. साताऱ्याजवळच्या अपशिंगे (मिलिटरी) गावानं त्या युद्धात ४६ माणसं गमावली. तलाठ्याकडचे जुने फेरफारही बघा. युद्धसेवेबद्दल मिळालेल्या जमिनीची नोंद तिथे निघते.

१३. आजोबा युद्धकैदी होते. घरात कुणी म्हणतं ते नंतर आझाद हिंद सेनेत गेले. कसं तपासायचं?

आधी कुणाच्या हाती सापडले ते ठरवा. उत्तर आफ्रिकेत सापडलेले जवान इटलीत नेले गेले, हिंदी कैद्यांची मोठी छावणी आवेझ्झानोला होती. २७ मे १९४२ रोजी बीर हकीमजवळ ३री इंडियन मोटर ब्रिगेड रणगाड्यांखाली चिरडली गेली तेव्हा २ऱ्या इंडियन फील्ड रेजिमेंटचे पुष्कळ लोक कैद झाले. त्या रेजिमेंटमधले पी. पी. कुमारमंगलम यांना त्या लढाईसाठी डीएसओ हा लष्करी सन्मान मिळाला, तेही कैद झाले आणि पुढे भारताचे लष्करप्रमुख झाले. जपान्यांनी मलाया-सिंगापुरात धरलेल्या कैद्यांची कार्डं क्यूच्या डब्ल्यूओ ३४५ गटात (प्रश्न ८) आहेत, पण त्यांत भर ब्रिटिश कैद्यांवर आहे. दोन्ही महायुद्धांतल्या कैद्यांच्या नोंदी जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय रेड क्रॉसकडेही असतात. पहिल्या महायुद्धाच्या ऑनलाइन आहेत.

आझाद हिंद सेनेतल्यांची युद्धानंतर चौकशी होऊन 'व्हाइट', 'ग्रे' आणि 'ब्लॅक' अशी प्रतवारी झाली. 'ब्लॅक' ठरलेल्यांना बडतर्फ केलं, पगार जप्त झाला. म्हणून डिस्चार्जवर 'डिसमिस्ड' असेल तर लगेच वाईट अर्थ काढू नका. तारीख १९४५-४६ची असेल आणि आजोबा सिंगापूरला असतील, तर तो शेरा याचाच असू शकतो. आझाद हिंद सेनेच्या फायली दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत आणि 'अभिलेख पटल' या त्यांच्या संकेतस्थळावर सूची शोधता येते. शिवाय स्वातंत्र्यसैनिक सन्मान पेन्शनसाठी अर्ज झाला असेल तर जिल्हाधिकारी कार्यालयातल्या त्या प्रकरणात जबानी, साथीदारांचे दाखले असं बरंच असतं.

१४. नाशिकच्या रेकॉर्ड ऑफिसनं 'आमच्याकडे हा क्रमांक नाही' असं कळवलं, पण तोफखाना नक्की होता.

तीन शक्यता तपासा.

पहिली, हाँगकाँग-सिंगापूर रॉयल आर्टिलरी. तिच्यात हिंदी जवान होते, मुख्यतः शीख आणि पंजाबी मुसलमान, पण ती हिंदुस्थानी फौजेत मोडत नसे, ब्रिटिश फौजेत मोडे. तिच्या नोंदींसाठी ब्रिटनकडे वळावं लागतं.

दुसरी, संस्थानी फौज. जम्मू-काश्मीरच्या डोंगरी बॅटऱ्या आणि बिकानेरची बॅटरी ब्रह्मदेशात लढल्या. संस्थानी जवानांचे कागद त्या त्या राज्याच्या अभिलेखागारात असू शकतात. ग्वाल्हेर, बडोदा, इंदूर या संस्थानांत नोकरी केलेल्या मराठी घरांनी हे आवर्जून बघावं.

तिसरी, फाळणी. ऑगस्ट १९४७मध्ये तोफखान्याच्या रेजिमेंटा दोन देशांत वाटल्या गेल्या. पाकिस्तानच्या वाट्याला गेलेल्या युनिटची डायरी क्यूमध्ये सापडते (प्रश्न ८). पण युनिट तिकडे गेलं म्हणून आपल्या जवानाचे कागद तिकडे गेले असं नाही, त्यामुळे नाशिकला आधी वडिलांचं नाव आणि गाव देऊन फेरतपासणी मागा.

१५. काका १९६२, १९६५ किंवा १९७१मध्ये होते. माहितीच्या अधिकारात मिळेल का?

स्वतः काका हयात असतील तर त्यांनीच रेकॉर्ड ऑफिसला लिहावं, हा सगळ्यात सरळ मार्ग. पीपीओ असतोच. वारसांना माहिती अधिकार कायदा २००५ खाली १० रुपये शुल्क भरून ऑनलाइन अर्ज करता येतो. मागणी छोटी आणि नेमकी ठेवा: अमुक क्रमांकाचे जवान अमुक तारखांदरम्यान कोणत्या युनिटमध्ये होते.

युनिटच्या युद्धनोंदींसाठी संरक्षण मंत्रालयानं जून २०२१मध्ये धोरण जाहीर केलं आहे. त्यानुसार युद्धाच्या नोंदी सर्वसाधारणपणे २५ वर्षांत खुल्या व्हायच्या आहेत. अर्जात या धोरणाचा आणि माहिती अधिकाराच्या कलम ८(३)चा, म्हणजे २० वर्षांहून जुन्या घटनांबद्दलच्या तरतुदीचा उल्लेख करा. सुरक्षेच्या कारणानं नकार येऊ शकतो हेही धरून चाला.

या पिढीसाठी सगळ्यात मोठा साठा माणसांचा आहे. रेजिमेंटचे माजी सैनिक स्थापना दिवसाला जमतात. काकांच्या बॅटरीतला एक जोडीदार भेटला तर फायलीत नसलेलं कळतं. हे काम या वर्षीच करा. १९७१ला विशीत असलेले आज सत्तरी ओलांडून गेले आहेत.

१६. आजोबा अधिकारी होते. त्यांच्यासाठी वेगळं काही?

हो, आणि बरंच सोपं. इंडियन आर्मी लिस्टमध्ये नाव, कमिशनची तारीख आणि नेमणूक छापलेली असते. १९४७पूर्वीच्या अनेक अधिकाऱ्यांच्या वैयक्तिक फायली लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिस रेकॉर्ड्समध्ये, एल/एमआयएल/१४ या गटात आहेत. जमादार आणि सुभेदार हे व्हाइसरॉयचं कमिशन असलेले, त्यांना या अधिकाऱ्यांत धरू नका. त्यांच्यासाठी प्रश्न ४ पाहा. जमादार हा हुद्दा १९६५पासून नायब सुभेदार झाला.

१७. शौर्यपदक मिळालं होतं असं ऐकलंय. पदक घरात नाही. खात्री कशी करू?

मिलिटरी क्रॉस, मिलिटरी मेडल, आयडीएसएम (इंडियन डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस मेडल) आणि 'मेन्शन्ड इन डिस्पॅचेस' (युद्ध-अहवालात नावाचा उल्लेख) लंडन गॅझेट या ब्रिटिश सरकारी राजपत्रामध्ये छापून येत. ते ऑनलाइन, फुकट शोधता येतं. शिफारशीचा मूळ कागद क्यूच्या डब्ल्यूओ ३७३ गटात (प्रश्न ८) सापडला तर त्यात घटना तारीख-ठिकाणासह लिहिलेली असते. 'जंगी इनाम' हा शब्द पेन्शनच्या कागदावर दिसला तर तो युद्धसेवेबद्दलचा रोख भत्ता होता. आणि गावात 'मोठं मेडल' म्हणून सांगितलं जाणारं बऱ्याचदा आघाडीचं स्टार पदक असतं (प्रश्न ७). कुटुंबासाठी काही लिहिणार असाल तर गॅझेटमध्ये सापडल्यावरच शौर्यपदक म्हणा.

१८. स्मारकाच्या नोंदीत आमच्या पणजोबांचं नाव आणि गाव चुकलंय. दुरुस्त होतं का?

होतं. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशन पुराव्यावरून दुरुस्ती करतं. त्याच काळातला कागद लागतो: डिस्चार्ज, मृत्यूची तार, विधवेच्या पेन्शनचा आदेश, गावच्या जन्म-मृत्यू नोंदीचा उतारा. आजचं आधार कार्ड किंवा सरपंचाचा दाखला पुरत नाही, कारण त्यानं नातं सिद्ध होतं, मूळ नाव होत नाही. मराठी किंवा मोडी कागद असेल तर इंग्रजी भाषांतर जोडा, मूळ प्रतीचा स्वच्छ फोटो द्या, आणि सेवा क्रमांक दोन्हीकडे तोच आहे हे दाखवा. नाव स्मारकावर मुळीच नसेल तरी अर्ज करता येतो. मात्र मृत्यू सेवेत असताना किंवा सेवेमुळे, आणि कमिशनच्या ठरलेल्या तारखांत झालेला हवा: पहिल्या महायुद्धासाठी ४ ऑगस्ट १९१४ ते ३१ ऑगस्ट १९२१, दुसऱ्यासाठी ३ सप्टेंबर १९३९ ते ३१ डिसेंबर १९४७. दुसरी तारीख युद्ध संपल्यानंतर दोन वर्षांहून अधिक पुढची आहे. १९४६ साली लष्करी दवाखान्यात गेलेल्या माणसाचं नावही त्यात बसतं.